जॉन वेस्ली : धर्मावेश आणि विश्वास

एखादा मनुष्य नित्य पहाटे चार वाजता उठून प्रार्थना करतो, आठवड्यातून दोन दिवस उपवास करतो, तुरुंगातील कैद्यांचा समाचार घेतो, दरिद्री लोकांच्या मुलांना शिकवतो आणि स्वतःस लागेल तेवढे ठेवून उरलेली सारी मिळकत दान करतो. अशा मनुष्यास धार्मिक म्हणू नये तर कोणास म्हणावे? परंतु एवढे सर्व करूनही त्यास मरणाचे भय वाटत असेल, देवाने आपला स्वीकार केला आहे की नाही या शंकेने त्याचे मन पोखरले जात असेल, तर त्याच्या धर्माचरणात उणे ते काय राहिले?

हा प्रश्न कल्पनेतला नव्हे. अठराव्या शतकात इंग्लंडातील एका मनुष्याच्या आयुष्यात तो प्रत्यक्ष उभा राहिला. त्याचे नाव जॉन वेस्ली. सिकंदराबादेत चर्चच्या व शाळांच्या पाट्यांवर हे नाव वाचीत आपण अनेकदा पुढे गेलो असू. पण त्या नावामागचा मनुष्य आपल्याला फारसा परिचित नाही. म्हणून त्याची जीवनकथा आम्ही येथे थोडक्यात सांगत आहोत.

इंग्लंडच्या लिंकनशायर परगण्यातील एपवर्थ या गावी १७०३ साली जॉनचा जन्म झाला. वडील सॅम्युएल हे गावचे धर्मगुरू होते. आई सुझॅना हिला एकोणीस अपत्ये झाली. त्यांपैकी निम्मी बालपणीच दगावली. मिळकत तुटपुंजी आणि डोक्यावर कर्ज. तरीही या माउलीने मुलांच्या शिक्षणात कसूर केली नाही. मूल पाच वर्षांचे झाले की त्याला मुळाक्षरे शिकवावयाची आणि आठवड्यातून एका ठरलेल्या दिवशी त्याला एकटे जवळ बसवून त्याच्या मनाची विचारपूस करावयाची, असा तिचा परिपाठ असे. जॉनचा वार गुरुवार होता. शिस्त, वेळेचे भान आणि आत्मपरीक्षण ही तिन्ही त्याला आईकडूनच मिळाली.

१७०९ सालच्या फेब्रुवारी महिन्यात एका रात्री या घराला आग लागली. मंडळी जीव घेऊन बाहेर पळाली. पण पाच वर्षांचा जॉन माडीवरच राहिला. वडिलांनी जिन्यावरून वर जाण्याची धडपड केली, ती व्यर्थ गेली. अखेर त्यांनी गुडघे टेकून मुलाचा आत्मा देवाच्या हाती सोपवला. इतक्यात पोर खिडकीत दिसले. शिडी आणण्यास अवसर नव्हता. एक गावकरी दुसऱ्याच्या खांद्यावर चढला आणि त्याने मुलाला बाहेर ओढले. त्याच क्षणी छप्पर आत कोसळले. जळत्या आगीतून ओढून काढलेले कोलीत असे वेस्ली पुढे स्वतःस म्हणवीत असे. देवाने हे मूल काही विशेष हेतूने वाचवले असावे, अशी आईची धारणा झाली. तीच धारणा मुलाच्याही मनात रुजली आणि आपण त्या हेतूला पात्र झाले पाहिजे ही टोचणीही तिच्याबरोबर रुजली.

१७२० साली तो ऑक्सफर्डला गेला. १७२६ साली तेथील लिंकन कॉलेजचा फेलो झाला आणि १७२८ साली त्यास पुरोहितपदाची दीक्षा मिळाली. त्याचा धाकटा भाऊ चार्ल्स याने काही मित्रांसह धर्माभ्यासाचे एक लहानसे मंडळ सुरू केले होते. जॉन त्याचा नायक बनला. बुधवारी व शुक्रवारी उपवास, नेमाने प्रभुभोजनाचा विधी, दिवसाच्या प्रत्येक घटकेचा हिशेब, तुरुंगाला भेटी, असा त्यांचा क्रम होता. इतर विद्यार्थी त्यांची टर उडवीत. सारे काही पद्धतशीर करणारे म्हणून त्यांना मेथडिस्ट हे टोपणनाव पडले. थट्टेने दिलेले हे नाव पुढे एका मोठ्या पंथाचे नाव झाले.

या काळातील त्याच्या दानशीलतेची हकिकत प्रसिद्ध आहे. पहिल्या वर्षी त्याची मिळकत ३० पौंड होती. त्यांपैकी २८ पौंडांत त्याने निर्वाह केला व दोन पौंड दान केले. दुसऱ्या वर्षी मिळकत ६० पौंड झाली. खर्च मात्र २८ पौंडच राहिला. तिसऱ्या वर्षी ९० पौंड मिळाले, तेव्हा ६२ पौंड गरिबांकडे गेले. हे ढोंग खास नव्हते. या मनुष्याचा आवेश शंभर नंबरी सोन्याचा होता. परंतु मनाला शांती नव्हती. आज केले ते पुरेसे झाले काय, हा प्रश्न रोज रात्री त्याच्या रोजनिशीतून डोकावत असे.

१७३५ साली वडील वारले. त्याच वर्षी अमेरिकेतील जॉर्जिया या नव्या वसाहतीत धर्मोपदेशक म्हणून जाण्याचे बोलावणे आले. वसाहतकऱ्यांस व तेथील मूळ रहिवाशांस उपदेश करावयाचा होता. परंतु जाण्यापूर्वी एका स्नेह्यास लिहिलेल्या पत्रात त्याने आपला मुख्य हेतू प्रांजळपणे सांगितला आहे : आपल्या स्वतःच्या आत्म्याचे तारण व्हावे, म्हणून आपण जात आहो. येथेच त्याच्या आवेशाचे मर्म सापडते. कैद्यांची सेवा असो, उपवास असो, समुद्रपर्यटन असो. त्याची दृष्टी अखेर स्वतःकडेच वळलेली होती. आपल्या पुण्याच्या बळावर देवापुढे उभे राहता यावे, यासाठी ही सारी धडपड होती.

जहाजावर मोरेव्हियन पंथाचे २६ जर्मन लोक होते. १७३६ च्या जानेवारीत भयंकर वादळ झाले. मुख्य शीड फाटून चिंधड्या झाल्या, लाटांचे पाणी जहाजात शिरले आणि इंग्रज उतारू आक्रोश करू लागले. जर्मन मंडळी त्या वेळी उपासनेत भजन गात होती. त्यांचे गाणे थांबले नाही. वेस्ली स्वतः मरणाच्या भीतीने गांगरला होता. वादळ शमल्यावर त्याने त्यांपैकी एकास विचारले, की तुम्हांला भीती वाटली नाही काय? नाही, असे शांत उत्तर मिळाले. आणि तुमच्या बायकामुलांना? त्यांनाही मरणाचे भय नाही, असे तो म्हणाला. ऑक्सफर्डच्या पंडिताजवळ जे नव्हते, ते या साध्या कारागीर लोकांजवळ होते.

किनाऱ्यास लागल्यावर मोरेव्हियनांचा पुढारी स्पांगेनबर्ग याने त्यास विचारले, की तुम्ही येशू ख्रिस्ताला ओळखता काय? तो जगाचा तारणारा आहे हे मी जाणतो, असे वेस्ली म्हणाला. खरे आहे, पण त्याने तुम्हांला तारले आहे हे तुम्ही जाणता काय, असा पुढचा प्रश्न आला. वेस्लीने काहीतरी उत्तर देऊन वेळ मारून नेली. पण ते शब्द पोकळ होते, अशी नोंद त्याने स्वतःच करून ठेवली आहे.

जॉर्जियात त्याचा पुरता फज्जा उडाला. नियमांवर त्याचा एवढा कटाक्ष, की लोक कंटाळून गेले. सोफिया हॉपकी नावाच्या तरुणीवर त्याचे मन बसले होते. पण विवाह करावा की नाही, याचा निश्चय त्याला करवेना. शेवटी तिने दुसऱ्याशी लग्न केले. काही महिन्यांनी वेस्लीने नियमाकडे बोट दाखवून तिला प्रभुभोजन नाकारले. हा नियमाचा आग्रह की दुखावलेल्या मनाचा सूड, असा प्रश्न लोकांनी विचारला आणि तो गैर होता असे म्हणता येत नाही. प्रकरण न्यायालयात गेले. १७३७ च्या डिसेंबरात एका रात्री त्याने ती वसाहत सोडली. परतीच्या प्रवासात त्याने खेदाने लिहून ठेवले, की मी दुसऱ्यांचे परिवर्तन करावयास गेलो, पण माझे परिवर्तन कोण करणार?

१७३८ च्या फेब्रुवारीत लंडनमध्ये त्याची पीटर बोलर या मोरेव्हियन उपदेशकाशी गाठ पडली. बोलर वयाने त्याच्याहून नऊ वर्षांहून अधिक लहान होता. मनुष्य देवापुढे नीतिमान ठरतो तो स्वतःच्या कृत्यांनी नव्हे, तर ख्रिस्तावरील विश्वासाने, हे तो वेस्लीस पुनःपुन्हा समजावी. माझ्याजवळ असा विश्वास नाही, तेव्हा मी उपदेश करणे सोडून द्यावे काय, असे वेस्लीने विचारले. विश्वास लाभेपर्यंत विश्वासाचा उपदेश करा, आणि लाभल्यावर लाभला म्हणून करा, असा सल्ला बोलरने दिला. त्याप्रमाणे वेस्लीने हा संदेश प्रथम सांगितला तो फाशीची शिक्षा झालेल्या एका कैद्यास. फाशी जाणाऱ्यास आता पुण्य साठविण्यास अवसर कोठला? त्याला तारणारे काही असेल, तर ते दिलेलेच असले पाहिजे, मिळविलेले नव्हे.

पुढे २४ मे १७३८ रोजी संध्याकाळी तो काहीशा अनिच्छेनेच लंडनच्या आल्डर्सगेट रस्त्यावरील एका लहान मेळाव्यास गेला. तेथे पौलाने रोमकरांस लिहिलेल्या पत्रावरील मार्टिन ल्यूथरची प्रस्तावना कोणी वाचून दाखवीत होते. पौल हाही एके काळी जहाल धर्मावेशी होता. देवाविषयीचा आवेश असूनही मनुष्य स्वतःचे नीतिमत्त्व स्थापू पाहतो आणि देव देत असलेले नीतिमत्त्व नाकारतो, असे त्याने त्या पत्रात म्हटले आहे. ल्यूथरनेही मठातील कठोर तपाचरणानंतर त्याच पत्रातून दिलासा मिळविला होता. पौणेनऊच्या सुमारास, ते वाचन चालू असता, वेस्लीला आपले अंतःकरण विलक्षण उबेने भरून आल्याचे जाणवले. आपण ख्रिस्तावर, केवळ ख्रिस्तावर भरवसा ठेवीत आहो, आणि आपल्याच पापांची क्षमा झाली आहे, अशी त्याची खात्री पटली.

येथे कथा संपवावी असा मोह होतो. परंतु ते सत्यास धरून होणार नाही. ती ऊब दिवसेंदिवस एकसारखी टिकली नाही. १७३९ च्या जानेवारीत आपण अद्याप खरे ख्रिस्ती नाही, असे त्याने लिहिले आहे. मग बदल झाला तो कोणता? आमच्या मते बदल झाला तो दृष्टीचा. आजवर स्वतःकडे वळलेले डोळे आता लोकांकडे वळले. १७३९ च्या एप्रिलात मित्र जॉर्ज व्हाइटफील्ड याच्या आग्रहावरून त्याने ब्रिस्टल येथे उघड्या मैदानावर प्रवचन केले. चर्चबाहेर उपदेश करणे हे त्यास पूर्वी जवळजवळ पाप वाटत असे. त्या दिवशी सुमारे ३,००० लोक जमले. कोळशाच्या खाणीतील मजूर, ज्यांना कोणी धर्म सांगण्यास गेले नव्हते, त्यांच्यापर्यंत तो पोहोचला. धर्मगुरूंनी त्याला चर्चची दारे बंद केली. १७४२ साली जन्मगावी एपवर्थ येथेही व्यासपीठ नाकारण्यात आले, तेव्हा तो वडिलांच्या थडग्यावर उभा राहून बोलला.

विश्वास म्हणजे आळस नव्हे, हेही त्याला दाखवावे लागले. लंडनमधील काही मोरेव्हियन म्हणू लागले, की पूर्ण विश्वास लाभेपर्यंत प्रार्थना, विधी, सत्कृत्ये सारे सोडून स्वस्थ बसावे. ज्यांनी त्याला विश्वास दाखविला त्यांचीच ही मंडळी. तरीही १७४० साली तो त्यांच्यापासून वेगळा झाला. त्याचे पहाटे उठणे सुटले नाही, दान आटले नाही, कैद्यांच्या भेटी थांबल्या नाहीत. पूर्वी ही कृत्ये तो शिडीच्या पायऱ्यांसारखी वापरी. आता ती झाडाच्या फळांसारखी आपोआप येऊ लागली.

पुढील अर्धशतक तो घोड्यावरून, आणि वार्धक्यात गाडीतून, देशभर फिरला. सुमारे २,५०,००० मैलांचा प्रवास आणि ४०,००० प्रवचने, असा हिशेब चरित्रकार देतात. गरिबांसाठी त्याने घरगुती औषधांचे पुस्तक लिहिले. १७७४ साली गुलामगिरीविरुद्ध पुस्तिका प्रसिद्ध केली. मरणापूर्वी आठवडाभर आधी विल्बरफोर्स यास पत्र लिहून त्या लढ्यात खचू नये असा धीर दिला. त्याच्या ठायी दोष नव्हते असे नाही. त्याचा स्वभाव हुकमी होता आणि संसार दुःखाचा झाला. २ मार्च १७९१ रोजी लंडनमध्ये वयाच्या ८७ व्या वर्षी तो वारला. आपली शवपेटी सहा गरीब माणसांनी उचलावी आणि प्रत्येकास एक पौंड द्यावा, असे त्याने मृत्युपत्रात लिहिले होते. त्या वेळी ब्रिटन व आयर्लंड मिळून त्याचे अनुयायी ७०,००० च्या वर होते. त्यांच्याच परंपरेतील मिशनने हैदराबादच्या उत्तरेस मेदक येथे बांधलेले भव्य चर्च १९२४ साली पूर्ण झाले.

या चरित्रातील सर्वांत मोलाची गोष्ट आम्हांस एका लहानशा टीपेत आढळते. उतारवयात आपली जुनी रोजनिशी पुन्हा छापताना, जॉर्जियाहून परतताना स्वतःविषयी लिहिलेल्या त्या कठोर ओळींपाशी तो थबकला. आपण तेव्हा खरोखरच देवापासून दूर होतो याची आता खात्री वाटत नाही, अशी टीप त्याने तेथे जोडली. त्या वेळीही आपणांपाशी विश्वास होता; मात्र तो सेवकाचा होता, पुत्राचा नव्हता, असा त्याचा निर्वाळा होता.

सेवक धन्याच्या भीतीने राबतो आणि मजुरी मिळेल की नाही म्हणून धास्तावतो. पुत्रही तेच काम करतो; पण घर आपले आहे हे जाणून करतो. आपल्या तरुणपणच्या आवेशाची वेस्लीने वृद्धापकाळी निंदा केली नाही. त्याला त्याने योग्य जागा दिली. पहाटे चारला उठणारा तो ऑक्सफर्डचा तरुण आणि पहाटे चारलाच उठणारा तो सत्त्याऐंशी वर्षांचा वृद्ध, दोघेही उठत होते एकाच वेळी. परंतु एक भीतीने उठत होता आणि दुसरा कृतज्ञतेने.