अण्णांच्या बोर्डिंगातली पंगत



दर 22 सप्टेंबरला आपण कर्मवीर भाऊराव पाटील यांच्या फोटोला हार घालतो. भाषणात त्यांचा जन्म, संस्था आणि पदव्या सांगतात. मी आज त्यांच्या बोर्डिंगातल्या जेवणाबद्दल लिहिणार आहे, कारण मला तेच सगळ्यांत अवघड काम वाटतं.

भाऊरावांचा जन्म 1887 साली कोल्हापूर जिल्ह्यातील कुंभोज येथे, आजोळी झाला. मूळ गाव मात्र आपल्या वाळवा तालुक्यातलं ऐतवडे बुद्रुक. तेव्हा सांगली जिल्हा नव्हताच, वाळवा तालुका सातारा जिल्ह्यात होता. म्हणून सातारकर म्हणतात अण्णा आमचे आणि आम्ही म्हणतो आमचे!

त्या काळी अस्पृश्य म्हटलेल्या लोकांना गावच्या विहिरीवर पाणी भरू देत नसत. लहानपणी हे पाहून भाऊरावांनी विहिरीचा रहाटच मोडून टाकला, असं त्यांच्याबद्दल सांगतात. पुढे ते शिकायला कोल्हापूरला गेले आणि एका बोर्डिंगात राहिले. तिथे अस्पृश्य मुलांसाठी मिस क्लार्क वसतिगृह निघालं. त्या कार्यक्रमाला भाऊराव गेले. परत आल्यावर त्यांना आधी आंघोळ करा, मग जेवा, असं सांगण्यात आलं. ते ऐकेनात. शेवटी त्यांना बोर्डिंग सोडावं लागलं. विचार करा, नुसती एक बादली पाणी अंगावर घेतली असती तर राहायला-खायला मिळालं असतं!

त्यांनी किर्लोस्करांचे नांगर विकायचं काम केलं. त्यासाठी गावोगाव फिरताना शेतकऱ्यांची पोरं गुरांमागं हिंडताना दिसायची. 1910 साली दुधगावात त्यांनी इतरांबरोबर सर्व जातींच्या मुलांसाठी वसतिगृह काढलं. मग 4 ऑक्टोबर 1919 रोजी कराडजवळच्या काले गावात रयत शिक्षण संस्था स्थापन झाली. 1924 मध्ये ती साताऱ्याला आली आणि तिथेच ते मोठं बोर्डिंग सुरू झालं.

या बोर्डिंगात मराठा, महार, मांग, जैन, मुसलमान अशी सगळी मुलं एकत्र राहायची. पाणी भरणं, दळण, स्वयंपाक, सगळं मुलांनीच पाळीपाळीने करायचं. म्हणजे आज ज्याच्या हातची भाकरी खायची, त्याची जात विचारायची सोयच नाही! माझी आजी सांगते, तिच्या लहानपणीसुद्धा गावात काही लोकांना चहा वेगळ्या कपातून द्यायचे. मग शंभर वर्षांपूर्वी ही पंगत बसवायला केवढी छाती लागली असेल! 25 फेब्रुवारी 1927 रोजी महात्मा गांधी तिथे आले. त्यांच्या हस्ते बोर्डिंगला छत्रपती शाहू महाराजांचं नाव देण्यात आलं.

आता लक्ष्मीबाई. या अण्णांच्या पत्नी. त्या जुन्या सोवळ्याओवळ्याच्या घरातून आलेल्या. तरी त्यांनी या सगळ्या मुलांना आपली मानलं, आजारपणात त्यांची उशापायथ्याशी बसून सेवा केली. पैसे संपले तसे अंगावरचे दागिने एकेक करून गेले. एकदा घरात धान्यच उरलं नाही, तेव्हा त्यांनी गळ्यातलं मंगळसूत्र काढून दिलं. 1930 साली त्या वारल्या. कॉलेजं, पदव्या हे सारं पुढचं, त्यांनी काहीच पाहिलं नाही. फोटोला हार घालताना शेजारी त्यांचाही फोटो पाहिजे, असं माझं मत आहे.

पैशासाठी अण्णांनी मुष्टिफंडाची युक्ती काढली. घरोघरी आयाबाया दळताना मूठभर धान्य बाजूला काढत आणि ते मुलांसाठी जाई. 1938 पासून, जिथे शाळा नव्हती अशा खेड्यांत त्यांनी पाचशेंहून जास्त प्राथमिक शाळा काढल्या. 1940 मध्ये साताऱ्यात महाराजा सयाजीराव हायस्कूल आणि 1947 मध्ये छत्रपती शिवाजी कॉलेज निघालं. कॉलेजच्या मुलांनीही कमवायचं आणि शिकायचं, हाच नियम.

1959 साली त्यांना पद्मभूषण मिळालं, पुणे विद्यापीठाने डी.लिट्. दिली आणि त्याच वर्षी 9 मे रोजी अण्णा गेले. त्यांची समाधी साताऱ्यात आहे. यंदाची सहल साताऱ्याला न्या, असं मी गुरुजींना सांगितलं आहे. पालकांनीही जरा सांगावं.