पोलिश मुलांचे जामसाहेब

नवानगर संस्थानचे जामसाहेब दिग्विजयसिंहजी यांचा जन्म १८ सप्टेंबर १८९५ रोजी झाला. विख्यात क्रिकेटपटू रणजितसिंहजी हे त्यांचे चुलते. त्यांच्या पश्चात १९३३ मध्ये ते गादीवर आले.

१९४२ मध्ये सोव्हिएत श्रमछावण्यांतून सुटलेले लाखाहून अधिक पोलिश निर्वासित कॅस्पियन समुद्र ओलांडून इराणच्या पहलवी बंदरात उतरले. मुलांनी भरलेले, सर्व बंदरांनी नाकारलेले जहाज जामसाहेबांनी स्वीकारल्याची कथा लोकप्रिय आहे. प्रत्यक्षात पहिली मुले अश्गाबादहून मशहद, क्वेट्टामार्गे मालमोटारींनी भारतात आली. त्याने जामसाहेबांचे श्रेय उणावत नाही. जामनगरजवळ बालाचडी येथे त्यांनी शेकडो मुलांसाठी छावणी उभारली. त्यांतील अनेक अनाथ होती. नरेंद्र मंडळाचे चान्सलर या नात्याने त्यांनी इतर संस्थानिकांनाही मदतीस प्रवृत्त केले. मुले त्यांना ‘बापू’ म्हणत.

१९४६ मध्ये बालाचडीची छावणी बंद झाली आणि उरलेली मुले कोल्हापूरजवळच्या वळिवडे येथे आली. तेथे १९४३ पासून सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित, मुख्यत्वे स्त्रिया व मुले, राहत होते. १९४८ मध्ये तीही वसाहत रिकामी झाली.

जामसाहेबांचे ३ फेब्रुवारी १९६६ रोजी मुंबईत निधन झाले. वॉर्सातील चौकाला ‘भला महाराजा’ हे नाव मात्र पोलंडमधील कम्युनिस्ट राजवट गेल्यानंतरच मिळाले.