लक्ष्मीबाई टिळक : आपले जीवित सत्याने लिहिणारी एक भगिनी

देवळाली कॅम्पापासून नाशिक शहर थोड्याच मैलांवर आहे, आणि नाशिकजवळच गोदावरीच्या काठी जलालपूर नावाचे एक लहान गाव आहे. या गावी १८६८ साली गोखले नावाच्या ब्राह्मण घराण्यात एक कन्या जन्मास आली. माहेरी तिला मनू म्हणत. पुढे हीच मनू लक्ष्मीबाई टिळक या नावाने सर्व महाराष्ट्रास ठाऊक झाली. शाळेचे तोंडही न पाहिलेल्या या बाईने उतारवयात आपल्या जीविताची हकीकत लिहिली, आणि ती आज मराठी भाषेतील अत्युत्तम ग्रंथांत गणली जाते. प्रिय वाचकहो, आपले जीवित लिहून पाहणे हे आत्म्याच्या वाढीस कसे साह्यकारी होते, हे या बाईंच्या चरित्रावरून आपणांस चांगले समजेल.

त्यांच्या माहेरी सोवळ्याओवळ्याचे बंड फार मोठे होते. १८५७ सालच्या धामधुमीत त्यांच्या आजोबांस, म्हणजे आईच्या वडिलांस, सरकारने फाशी दिले. त्या धक्क्याने लक्ष्मीबाईंच्या वडिलांच्या मनावर असा परिणाम झाला की, त्यांस सर्वत्र विटाळच दिसू लागला. बाजारातून आलेले धान्यदेखील धुऊन घेतल्यावाचून त्यांच्या घरात येत नसे. अशा घरात ही मुलगी वाढली, आणि वयाच्या अकराव्या वर्षी तिचे लग्न नारायण वामन टिळक यांच्याशी झाले.

टिळक हे मोठे कवी, मनाचे उदार, पण स्वभावाने तापट व लहरी. आज या गावी तर उद्या त्या गावी, असा त्यांचा संसार चाले. हाती आलेला पैसा ते गरजवंतास देऊन मोकळे होत, आणि घरी चूल कशी पेटावी याची चिंता पत्नीस पडे. त्यांनीच लक्ष्मीबाईंस अक्षरओळख करून दिली; पण गुरूस धीर नाही व शिष्येस घरकामातून सवड नाही, अशी त्या शाळेची स्थिती होती. जोडाक्षरे बाईंस फार अवघड जात.

१८९३ साली आगगाडीच्या प्रवासात एका युरोपियन गृहस्थाने टिळकांस नवा करार वाचावयास दिला. तो वाचता वाचता त्यांचे मन प्रभु येशूकडे ओढले गेले, आणि १८९५ सालच्या फेब्रुवारीत मुंबईस त्यांनी बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाई त्या वेळी आपल्या नातलगांत होत्या. ही वार्ता कानी येताच त्यांच्यावर आकाश कोसळले. पती जिवंत असून नसल्यासारखा झाला, आणि पदरी तर दत्तू नावाचा लहानगा मुलगा. पुढे काही वर्षे त्या पतीवाचून पंढरपुरास व इतर ठिकाणी आप्तांच्या आश्रयाने राहिल्या.

अखेर त्या अहमदनगरास पतीकडे आल्या. परंतु आरंभी आपले पाणी व स्वयंपाक त्यांनी वेगळा ठेवला. टिळकांनी त्यांच्यावर धर्माची सक्ती केली नाही. पुढे राहुरीस असताना जातीभेदाविषयीचे विचार त्यांच्या मनात रात्रंदिवस घोळू लागले. विचार करता करता त्यांस असे दिसून आले की, माणसामाणसांतील हा भेद देवाने निर्मिला नसून माणसांनीच उभा केला आहे. तेव्हा कोणाच्याही हातचे अन्नपाणी घ्यावयाचे, असा त्यांनी निश्चय केला. ज्यांची सावली पडू नये म्हणून लहानपणी अंग चोरावे, तेच आता त्यांचे बंधुभगिनी झाले. १९०० साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्यानंतर त्यांच्या घरी अनाथ मुलांना व विद्यार्थ्यांना कधी दार बंद नसे.

१९१९ साली टिळक मुंबईस प्रभूमध्ये निजले. त्यांनी आरंभलेले ‘ख्रिस्तायन’ हे प्रभूच्या चरित्रावरील काव्य अपुरे राहिले होते. त्याचा पुष्कळसा भाग पुढे लक्ष्मीबाईंनीच रचला. मग पुत्र देवदत्त यांच्या मनात वडिलांचे चरित्र लिहावे असे आले, व त्यांनी आईला आपल्या आठवणी लिहून देण्याची विनंती केली. आठवणी पतीच्या म्हणून लिहावयास घेतल्या खऱ्या, पण त्यांतून बाईंचे स्वतःचेच सारे जीवित कागदावर उतरले. हे लेखन ‘संजीवनी’ साप्ताहिकात येऊ लागले, आणि ‘स्मृतिचित्रे’ या नावाने त्याचा पहिला भाग १९३४ साली पुस्तकरूपाने निघाला. सगळे मिळून चार भाग झाले. १९३६ सालच्या फेब्रुवारीत नाशिक येथे त्या देवाघरी गेल्या.

आता या पुस्तकात असे काय आहे, हे आपण पाहू. त्यात पांडित्य नाही व उपदेशही नाही. घरात बोलावे तशी साधी भाषा आहे. परंतु या बाईंनी काहीच झाकून ठेवले नाही. पतीचा राग, आपला हट्ट, नवराबायकोची भांडणे, दारिद्र्य, आपली फजिती, सोवळ्याच्या पायी आपण केलेला वेडेपणा, हे सर्व त्यांनी सांगितले आहे. आणि तेही कोणाविषयी मनात विष न ठेवता, पुष्कळदा हसत हसत. टिळकांसारख्या थोर ख्रिस्तसेवकाचे दोष लिहू नयेत, मंडळीत काय म्हणतील, अशी भीती त्यांनी बाळगली नाही. तरी पुस्तक वाचून मिटल्यावर टिळकांविषयीचा आदर तिळभरही कमी होत नाही. उलट, अशा माणसासही देव आपल्या कामी घेतो, हे पाहून आपल्यासारख्यांस धीर येतो.

येथे आपण स्वतःस एक प्रश्न विचारावा. सभेत आपली साक्ष देताना आपण खरी हकीकत सांगतो काय? पूर्वी मी अंधारात होतो, आता उजेडात आलो, एवढे दोन शब्द पाठ झाले म्हणजे साक्ष पुरी झाली, असे आपणांस वाटू लागते. परंतु बाप्तिस्म्यानंतर आपल्या मनात जे राग, लोभ व उच्चनीचपणा उरले, त्यांचे काय? लक्ष्मीबाईंच्या मनातील सोवळे एका दिवसात गेले नाही. ते कसे हळूहळू सुटत गेले, हे त्यांनी लिहून ठेवले म्हणून आपणांस कळले. कागदावर लिहू लागले म्हणजे माणसास आपली लबाडी दिसू लागते. वर्षांमागून वर्षे नजरेसमोर आली म्हणजे, ज्या दिवशी आपणांस देव दिसला नाही त्या दिवशीही त्याचा हात आपल्यावर होता, हे ध्यानी येते.

ही रीत आपल्या मंडळीस नवी नाही. पौलाने यरुशलेमात लोकसमुदायापुढे व पुढे अग्रिप्पा राजापुढे आपलीच हकीकत सांगितली, आणि मंडळीचा छळ आपण केला हे त्याने लपविले नाही. ख्रिस्ती शकाच्या चौथ्या शतकाच्या अखेरीस आफ्रिकेतील ऑगस्टीन याने आपले पूर्वजीवित देवापुढे कबुलीरूपाने लिहिले. आपल्या महाराष्ट्रात बाबा पदमनजी यांनी ‘अरुणोदय’ या आत्मचरित्रात आपण ख्रिस्ताकडे कसे आलो हे सांगितले. हे पुरुष विद्वान होते, म्हणून खेड्यातील माणसास वाटते की हे काम आपले नव्हे. त्यास लक्ष्मीबाईंनी उत्तर देऊन ठेविले आहे.

म्हणून उपदेशक बंधूंनो, एक साधी वही घ्या. प्रार्थना करून रोज थोडे लिहा : बालपण, आईबाप, गाव, पहिल्याने शुभवर्तमान कोणाकडून ऐकले, कोणता अपमान सोसला, कोणाचा अपमान केला, कोठे पडलो व कोणी उठविले. जे लिहावयास लाज वाटते तेथे थांबा व ते प्रथम देवापुढे बोला. दुसऱ्याची अब्रू जाईल असे काही असेल तर ती वही आपल्यापुरतीच ठेवा. पण स्वतःस खोटे सांगू नका. मंडळीतील वृद्ध भगिनींस लिहिता येत नसेल तर त्यांच्याजवळ बसून, त्यांच्याच शब्दांत लिहून घ्या. ज्यांनी पहिल्याने वाळीत पडण्याचे दुःख सोसले, ती माणसे एक एक करून आपल्यातून जात आहेत, व त्यांच्या हकीकती त्यांच्याबरोबर मातीत जात आहेत.

जलालपूरच्या त्या मनूस जोडाक्षरे नीट येत नव्हती. परंतु खरे बोलणे येत होते. देवाने तेवढ्यावरच तिच्याकडून काम करून घेतले.