स्वतःच्या १२३ चुका छापून टाकणारा सर्जन : फ्रोझन शोल्डरला नाव देणाऱ्या डॉ. कॉडमन यांची गोष्ट

खांदा आखडला की काय हाल होतात, हे ज्याचं त्यालाच माहीत. वेणी घालता येत नाही, शर्टाची बाही चढवताना डोळ्यांत पाणी येतं, रात्री कूस बदलली की झोपमोड. अशा वेळी फिजिओथेरपिस्ट एक व्यायाम हमखास सांगतात. एका हाताने टेबलाचा आधार घ्या, पुढे वाका, दुखरा हात सैल सोडा आणि घड्याळाच्या लंबकासारखा हळूहळू हलवा.

या व्यायामाचं नाव कॉडमन एक्सरसाइज. आणि फ्रोझन शोल्डर हा शब्दही याच कॉडमन यांनी १९३४ साली रूढ केला.

पण डॉ. अर्नेस्ट एमरी कॉडमन यांची खरी गोष्ट खांद्याची नाहीच. ती आहे एका साध्या प्रश्नाची. ऑपरेशन झालं, टाके काढले, पेशंट घरी गेला. पण वर्षभरानंतर तो खरंच बरा आहे का?

या एका प्रश्नापायी त्यांनी नोकरी, पदं आणि प्रतिष्ठा गमावली.

कॉडमन यांचा जन्म ३० डिसेंबर १८६९ चा, अमेरिकेतल्या बोस्टनचा. शिक्षण हार्वर्डमध्ये. त्या काळी ऑपरेशनच्या वेळी पेशंटला ईथर देऊन बेशुद्ध करायचं काम मेडिकलच्या विद्यार्थ्यांवर सोपवलं जायचं, तेही फारसं न शिकवता. कॉडमन यांचे मित्र हार्वी कुशिंग, जे पुढे मेंदूच्या शस्त्रक्रियेतलं जगप्रसिद्ध नाव झाले, त्यांनी असंच ईथर दिलं आणि पेशंट टेबलावरच दगावला.

या धक्क्यानंतर दोन्ही मित्रांनी पैज लावली. ईथर कोण चांगलं देतो ते बघायचं आणि हरणाऱ्याने जेवण द्यायचं. पण चांगलं म्हणजे काय, हे ठरवायचं कसं? मग दोघांनी ऑपरेशन चालू असताना पेशंटची नाडी आणि श्वास कागदावर टिपायला सुरुवात केली. १८९४ च्या सुमारास सुरू झालेल्या या नोंदी भूलशास्त्रातल्या सर्वात जुन्या चार्टमध्ये गणल्या जातात.

काम चांगलं झालं असं नुसतं वाटून चालत नाही, मोजावं लागतं, ही सवय तिथून लागली ती कायमची.

पुढे कॉडमन बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये सर्जन झाले. तिथे त्यांना एक गोष्ट खटकू लागली. हॉस्पिटलं वर्षाला किती पेशंट आले, किती ऑपरेशनं झाली, किती खर्च झाला हे अभिमानाने छापायची. पण त्यातले किती जण बरे झाले, हे कुठेच नसायचं. म्हणजे कारखान्याने किती कच्चा माल आत गेला ते सांगायचं आणि बाहेर काय पडलं त्यावर गप्प बसायचं, असा प्रकार.

कॉडमन यांनी यावर काढलेला उपाय कागदाच्या एका कार्डाएवढा होता. प्रत्येक पेशंटचं एक कार्ड करायचं. त्यावर तक्रार काय, निदान काय, उपचार काय आणि गुंतागुंत झाली का, हे लिहायचं. मग एका वर्षाने त्याच पेशंटला गाठून तो कसा आहे ते त्याच कार्डावर नोंदवायचं. बरा नसेल तर का नाही, याचं कारण शोधायचं. या पद्धतीला त्यांनी एंड रिझल्ट, म्हणजे अंतिम परिणाम, असं नाव दिलं.

ऐकायला किरकोळ वाटतं. पण यात एक मोठी मेख आहे. बरा झालेला पेशंट पेढे घेऊन डॉक्टरांना भेटायला येतो. न बरा झालेला गुपचूप दुसरा डॉक्टर गाठतो. त्यामुळे जे आपणहून परत आले तेवढेच मोजले, तर प्रत्येक डॉक्टरला आपण देवमाणूस आहोत असंच वाटणार. म्हणून सगळ्यांना मोजायचं, न आलेल्यांनाही शोधून काढायचं. आजही आरोग्याच्या आकडेवारीतलं हे सर्वात अवघड काम मानलं जातं.

मोठं हॉस्पिटल ऐकेना, तेव्हा १९११ मध्ये कॉडमन यांनी बोस्टनमध्येच स्वतःचं छोटंसं हॉस्पिटल काढलं. १९११ ते १९१६ या काळात तिथून ३३७ पेशंट उपचार घेऊन घरी गेले. कॉडमन यांनी प्रत्येकाचा हिशोब मांडला आणि त्यात १२३ चुका नोंदवल्या. चूक कशाची, तेही लिहिलं. हात कमी पडला, निर्णय चुकला, निदान चुकलं की देखभालीत ढिलाई झाली. एवढं करून ते थांबले नाहीत. हा सगळा हिशोब त्यांनी स्वखर्चाने छापला आणि इतर हॉस्पिटलांना पाठवला.

दरम्यान १९१४ मध्ये त्यांनी मॅसॅच्युसेट्स जनरलचा राजीनामा दिला होता. तिथे बढती वयाच्या ज्येष्ठतेवर मिळायची. कॉडमन यांचं म्हणणं होतं की ज्याचे पेशंट जास्त बरे होतात, त्याला बढती द्या.

मग आला ६ जानेवारी १९१५ चा दिवस. कॉडमन तेव्हा स्थानिक वैद्यकीय संघटनेच्या सर्जरी विभागाचे अध्यक्ष होते. त्यांनी हॉस्पिटलांच्या कार्यक्षमतेवर सभा बोलावली, शहराच्या महापौरांनाही बोलावलं. आणि सभेत एक भलंमोठं व्यंगचित्र उघडलं.

चित्रात बॅक बे या बोस्टनच्या श्रीमंत वस्तीचं प्रतीक म्हणून एक शहामृग दाखवलं होतं. डोकं वाळूत खुपसलेलं, आणि मागून ते सोन्याची अंडी घालतंय. ती अंडी डॉक्टर मंडळी गोळा करतायत. हॉस्पिटलचे विश्वस्त विचारात पडलेत, की या शहामृगाला उपचारांचं खरं काय ते सांगितलं तर ते अंडी घालायचं थांबवेल का? पलीकडे हार्वर्डचे अध्यक्षही उभे.

सभेत गदारोळ झाला. कॉडमन यांना अध्यक्षपद सोडावं लागलं. हार्वर्डमधली शिकवण्याची जागाही गेली. बोस्टनच्या डॉक्टरांमध्ये ते एकटे पडले. त्यांचं छोटं हॉस्पिटलही पुढे बंद झालं.

पण प्रश्न बंद झाला नाही. अमेरिकन कॉलेज ऑफ सर्जन्सच्या ज्या समितीचं काम कॉडमन यांनी सुरू केलं होतं, तिच्यातून हॉस्पिटलांची तपासणी करायची मोहीम उभी राहिली. किमान निकष ठरले आणि १०० किंवा जास्त खाटांची ६९२ हॉस्पिटलं तपासली गेली. पास झाली फक्त ८९. नापासांमध्ये देशातली नावाजलेली हॉस्पिटलं होती. १९१९ मध्ये न्यूयॉर्कच्या वॉल्डॉर्फ ॲस्टोरिया हॉटेलात हा निकाल मांडायचा होता. यादी पत्रकारांच्या हाती लागू नये म्हणून ती हॉटेलच्या भट्टीत जाळून टाकण्यात आली. शहामृग काही चुकीचं काढलं नव्हतं, हे या एका प्रसंगाने दाखवून दिलं.

कॉडमन मात्र मोजत राहिले. १९२० मध्ये त्यांनी हाडांच्या कॅन्सरच्या पेशंटांची देशभरातून नोंद ठेवणारी रजिस्ट्री सुरू केली. १९३४ मध्ये खांद्यावरचा ग्रंथ स्वतःच छापला. २३ नोव्हेंबर १९४० रोजी त्वचेच्या कॅन्सरने त्यांचं निधन झालं. बोस्टनजवळच्या माउंट ऑबर्न दफनभूमीत त्यांच्या जागेवर नावाची साधी पाटीही नव्हती. ती लागली २०१४ मध्ये, ७४ वर्षांनी.

आता यातली एक उणीवही सांगायला हवी. कॉडमन यांच्या पद्धतीत पेशंटला विचारलं जायचं, पण कार्डावर लिहायचा तो डॉक्टरच. बरा म्हणजे काय, हेही डॉक्टरच ठरवायचा. एक्सरेत हाड जुळलेलं दिसतं, पण बाईंना अजून वरच्या फडताळातला डबा काढता येत नाही. मग बरं झालं म्हणायचं का?

हे पुढचं पाऊल नंतरच्या पिढ्यांनी टाकलं. इंग्लंडच्या सरकारी आरोग्यसेवेने एप्रिल २००९ पासून खुबा आणि गुडघा बदलणं, हर्निया आणि पायांच्या फुगलेल्या शिरा या चार ऑपरेशनांसाठी पेशंटकडूनच प्रश्नावली भरून घ्यायला सुरुवात केली. एकदा ऑपरेशनच्या आधी आणि एकदा काही महिन्यांनी. खुब्यासाठी १२ प्रश्न असतात. दुखतं किती, जिना चढता येतो का, मोजे घालता येतात का. प्रत्येकाला ० ते ४ गुण, म्हणजे एकूण ४८. आधीचे गुण नंतरच्या गुणांतून वजा केले की फरक कळतो.

अर्थात दोन हॉस्पिटलांची तुलना इतकी सरळ नसते. एकाकडे तरणेताठे पेशंट येतात, दुसऱ्याकडे मधुमेह आणि हृदयविकार असलेले वयस्क. तो फरक हिशोबात धरावा लागतो. नाहीतर अवघड पेशंट घेणारा चांगला डॉक्टरच नापास ठरतो. प्रश्नावली कुणी भरली नाही, हेही बघावं लागतं. संख्याशास्त्रज्ञ लागतात ते इथे.

पण या सगळ्याच्या मुळाशी जुनाच प्रश्न आहे. पेशंट घरी गेल्यावर त्याचं काय झालं, हे कुणीतरी विचारलं पाहिजे, आणि उत्तर आपल्याविरुद्ध गेलं तरी लिहून ठेवलं पाहिजे. पुढच्या वेळी खांद्यासाठी वाकून हात लंबकासारखा हलवाल, तेव्हा हेही आठवा, की या व्यायामाला ज्याचं नाव आहे, त्याने आधी स्वतःच्या चुका मोजल्या होत्या.