लक्ष्मणराव किर्लोस्कर : कुंडलच्या माळावरील कारखाना

बेळगावातील एका लहानशा कारखान्यात १९०३ च्या सुमारास सहा लोखंडी नांगर तयार झाले. ते खपायला दोन वर्षे लागली. लोखंडाच्या फाळाने जमीन विषारी होते, अशी शेतकऱ्यांची दृढ समजूत होती. या समजुतीला अडाणीपणा म्हणून हसणे सोपे आहे. परंतु ज्या घराचे वर्षभराचे अन्न एका हंगामावर अवलंबून, त्याने अपरिचित अवजाराकडे साशंकतेने पाहावे, यात नवल ते काय? त्या शंकेचे उत्तर जाहिरातीने नव्हे, तर वावरात उतरूनच द्यावे लागेल, हे नांगर घडविणाऱ्या लक्ष्मणराव किर्लोस्करांनी ओळखले होते.

लक्ष्मणरावांचा जन्म २० जून १८६९ रोजी बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर येथे झाला. वडील काशिनाथपंत वेदान्ताचे अभ्यासक. मुलाचे मन मात्र चित्रांत आणि यंत्रांत रमणारे. थोरले बंधू रामूअण्णा यांनी पाठीशी उभे राहून त्यांना मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत धाडले. तेथे दोन वर्षांनी ध्यानात आले की, त्यांना काही रंगांतील भेद दिसत नाही. चित्रकाराचे स्वप्न तेथेच मिटले. मग त्यांनी यंत्ररेखन आत्मसात केले आणि व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिक्षकाची नोकरी पत्करली. हक्काची बढती आपल्याला डावलून दुसऱ्यास दिली गेली, तेव्हा ती नोकरीही त्यांनी सोडली. बेळगावात रामूअण्णांच्या साहाय्याने सायकलींचा व्यवसाय सुरू झाला होताच. त्याला जोडून कडबा कापण्याचे यंत्र निघाले आणि त्यानंतर नांगर.

नांगराची सुधारणा ही एकट्या कारागिराची करामत नव्हती. लाकडी नांगर जमीन वरवर उकरीत असे; हरळीची खोल गेलेली मुळे त्याला दाद देत नसत. लोखंडी नांगर माती खालून उलथून टाकी. पण पहिल्या गिऱ्हाइकांनी तो वापरल्यावर फाळाचे टोक मऊ असल्याची तक्रार केली. लक्ष्मणरावांनी तक्रार मनाला लावून घेतली नाही, ओतकामाला लावून घेतली. ओतीव लोखंड अधिक कठीण कसे होईल याचे प्रयोग झाले आणि टिकाऊ फाळ सिद्ध झाला. तक्रार करणारा शेतकरी हा या कारखान्याचा पहिला परीक्षक होता, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही. परदेशी बनावटीच्या नांगरांना हा परीक्षक इतक्या जवळ लाभलेला नव्हता.

धंदा मूळ धरीत असतानाच बेळगावची जागा सोडण्याची वेळ आली. शहराच्या वाढीसाठी, नव्या वस्तीसाठी, ती जमीन हवी होती. भट्टी, यंत्रे, कामगार यांसह कोठे जावे? ज्या गावाच्या नजरेत कारखाना ही केवळ हलविण्याजोगी अडचण असते, तेथे कर्तबगार माणसाचेही हात बांधले जातात. लक्ष्मणरावांना याचा अनुभव आला, आणि लवकरच त्याच्या उलट अनुभवही आला.

औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांच्याशी त्यांचा स्नेह होता. औंध येथील मंडपाच्या बांधकामाचे काम बाळासाहेबांनी त्यांच्याकडे सोपविले होते. राजा स्वतः चित्रकार, आणि ज्याला काम दिले तो रंगांनी दगा दिलेला चित्रकलेचा विद्यार्थी. त्यांचे सूत जुळण्यास हेही एक कारण असावे. बाळासाहेबांनी आपल्या संस्थानातील कुंडल रोड स्थानकाजवळची सुमारे ३२ एकर जमीन आणि १० हजार रुपयांचे कर्ज देऊ केले. निवडुंगाने भरलेला तो माळ, पाण्याचे दुर्भिक्ष, वर सापांची भीती. जमेची बाजू एकच, ती म्हणजे शेजारून जाणारा लोहमार्ग. १० मार्च १९१० रोजी तेथे कामास प्रारंभ झाला. या वसाहतीला किर्लोस्करवाडी हे नाव पडले आणि पुढे स्थानकानेही तेच स्वीकारले.

माळावर कामाला आलेली मंडळी बहुतेक मोठ्या पदव्यांची धनी नव्हती. शिक्षा भोगून आलेल्या माणसांवर पहारेकऱ्याचे काम सोपविण्याचे धाडसही लक्ष्मणरावांनी केले. वाडीत अस्पृश्यतेला त्यांनी थारा दिला नाही. त्या काळी ही गोष्ट नांगर विकण्याइतकीच कठीण होती, कदाचित अधिकच.

पहिल्या महायुद्धाने खरी कसोटी पाहिली. लोखंड, दगडी कोळसा आणि रंग यांची आयात आटली. आज वैशाली नगरातून नंदिनी रोडकडे गेले, तर लहान कारखान्यांच्या रांगा दिसतात. भिलाईचा पोलाद कारखाना त्यांच्या पाठीशी आहे. १९१४ साली दख्खनच्या त्या माळावर असा कोणताही थोरला शेजारी नव्हता. भट्टी विझली असती, तर पाचसहा वर्षांत जमवलेली माणसे पांगली असती. लक्ष्मणरावांनी लाकडी कोळशावर ओतकाम करून पाहिले. लोखंडासाठी कोल्हापूरचे शाहू महाराज धावून आले. आपल्या राज्यातील किल्ल्यांवर निकामी पडलेल्या तोफा त्यांनी देऊन टाकल्या. तोफांचे लोखंड उत्तम प्रतीचे होते. त्यांतून नांगर ओतले गेले. मराठेशाहीचा अभिमान बाळगणाऱ्यांना तोफा वितळविल्याची हळहळ वाटली असेल; शेतकऱ्याला मात्र फाळ मिळाला.

१९२० साली किर्लोस्कर ब्रदर्स ही मर्यादित कंपनी स्थापन झाली. तिची उत्पादने पाहिली तर कृष्णाकाठच्या शिवाराचे वर्णनच वाचल्यासारखे वाटते. उसासाठी चरक आले, भुईमुगासाठी शेंगा फोडण्याचे यंत्र आले, विहिरीवरच्या मोटेला पर्याय म्हणून १९२६ मध्ये पंप आला. सभोवतालच्या पिकांनी काय बनवायचे ते सुचविले आणि बनविलेल्या यंत्रांनी पिकांची रीत पालटली. शेजारधर्मही होता: कऱ्हाडजवळ, औंध संस्थानाच्याच हद्दीत, ओगले बंधूंचा काचकारखाना उभा राहिला आणि त्यांचा प्रभाकर कंदील घरोघर पोहोचला. इवल्याशा संस्थानात असे दोन उद्योग बहरावेत, हा योगायोग नव्हे. येथे एक गोष्ट मान्य केली पाहिजे: उदार राजा लाभणे हे भाग्य होते, आणि भाग्याचे अनुकरण करता येत नाही.

ग्राहकाशी बोलत राहण्यासाठी १९२० मध्येच 'किर्लोस्कर खबर' निघाले. लक्ष्मणरावांचे पुतणे शंकरराव यांनी त्या व्यापारी पत्रकाचे रूपांतर वाङ्मयीन मासिकात केले आणि 'स्त्री' व 'मनोहर' ही भावंडे त्याला दिली. महाराष्ट्राबाहेर स्थायिक झालेल्या कितीतरी मराठी कुटुंबांत ही मासिके आस्थेने वाचली जात. ती नांगराच्या कारखान्यातून निघाली, हे फार थोड्यांच्या ध्यानी असे.

पुढील पिढीला मात्र वाडी अपुरी पडू लागली. पुत्र शंतनुराव अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स येथून अभियांत्रिकी शिकून परतले होते. यंत्रहत्यारांसाठी हरिहर, विजेच्या मोटारींसाठी बंगळूर, तेलावरच्या इंजिनांसाठी पुणे असा विस्तार झाला. लक्ष्मणरावांनी तो अडविला नाही. २६ सप्टेंबर १९५६ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. त्या वर्षी इकडे भिलाईत पोलाद कारखान्याची उभारणी चालू होती. त्यांच्या जन्मशताब्दीला, १९६९ साली, भारत सरकारने त्यांच्या स्मरणार्थ टपाल तिकीट काढले. किर्लोस्करवाडीच्या कारखान्यात पंप आजही तयार होतात.