असिसीकर संत फ्रान्सिस : आतून-बाहेरून एकच झगा

दरवर्षी ४ ऑक्टोबर रोजी ख्रिस्तसभा असिसीकर संत फ्रान्सिस यांचा सण साजरा करते. पाखरांना उपदेश करणारे, सूर्याला बंधू आणि पाण्याला भगिनी मानणारे संत अशी त्यांची ओळख आपल्या घराघरांत आहे. २९ नोव्हेंबर १९७९ रोजी पोप दुसरे जॉन पॉल यांनी त्यांना पर्यावरणासाठी झटणाऱ्यांचे आश्रयदाते संत म्हणून घोषित केले. ३ ऑक्टोबर १२२६ रोजी त्यांनी देह ठेवला, म्हणजे २०२६ हे त्यांच्या मृत्यूचे आठशेवे स्मृतिवर्ष होय. या निमित्ताने त्यांच्या जीवनाकडे आम्ही एका विशिष्ट प्रश्नाच्या प्रकाशात पाहू इच्छितो.

तो प्रश्न असा. पृथ्वी तापते आहे, उपभोग आवरा, असे जगाला तळमळीने सांगणारे काही धनवंत स्वतः मात्र खासगी विमानाने परिषदांना जातात आणि देशोदेशी प्रशस्त घरे बाळगतात. जो संदेश ते देतात त्याप्रमाणे त्यांनी स्वतः जगावे की नाही? आणि ते तसे जगत नसतील, तर त्यांचे ऐकण्याचे बंधन आपल्यावर उरते काय? हा प्रश्न फ्रान्सिस यांच्यापुढे ठेवणे योग्य आहे, कारण तेही धनवंताच्या घरीच जन्मले होते.

कापडाच्या पेढीचा वारस

इटलीतील उंब्रिया प्रांतात असिसी हे डोंगरउतारावरचे नगर आहे. तेथे ११८१ किंवा ११८२ साली फ्रान्सिस यांचा जन्म झाला. पिता पिएत्रो बेर्नार्दोने हे कापडाचे मोठे व्यापारी, मातेचे नाव पिका. बाप्तिस्म्याच्या वेळी बाळाचे नाव जोव्हान्नी ठेवण्यात आले होते. पित्याने पुढे त्याला फ्रान्चेस्को म्हणण्यास प्रारंभ केला. तरुणपणी फ्रान्सिस पित्याच्या दुकानात बसत. कापडाची पारख आणि गिऱ्हाइकाशी गोड बोलणे त्यांना उत्तम साधले होते. मिळवलेला पैसा ते तितक्याच सढळ हाताने मित्रमंडळींच्या मेजवान्यांवर आणि उंची वस्त्रांवर उधळीत.

१२०२ साली असिसी आणि पेरुजिया या शेजारी नगरांत युद्ध झाले. फ्रान्सिस शत्रूच्या हाती सापडले आणि सुमारे एक वर्ष त्यांनी बंदिवास भोगला. त्यानंतर आलेल्या दीर्घ आजारपणाने त्यांचे मन पालटू लागले. याच काळात त्यांची एका कुष्ठरोग्याशी गाठ पडली. कुष्ठरोग्याचे दर्शनही पूर्वी त्यांना असह्य होत असे. आता ते त्यांच्या सेवेला जाऊ लागले आणि पूर्वी जे कडू वाटत होते ते गोड झाले, असे त्यांनी आयुष्याच्या अखेरीस आपल्या मृत्युपत्रात नोंदवून ठेवले आहे. निसर्गप्रेमी फ्रान्सिस यांच्या परिवर्तनाचा आरंभ वनात किंवा पाखरांत झाला नाही, तो समाजाने दूर लोटलेल्या माणसांत झाला, हे आपण ध्यानी घेतले पाहिजे.

पुढे सान दामियानो येथील मोडकळीला आलेल्या चर्चची डागडुजी करण्याची प्रेरणा त्यांना झाली. त्यासाठी त्यांनी पित्याचे कापड फोलिन्योच्या बाजारात नेऊन विकले आणि घोडाही विकून टाकला. मात्र तेथील धर्मगुरूंनी तो पैसा स्वीकारला नाही. पित्याने बिशप ग्विदो यांच्यासमोर मुलाविरुद्ध गाऱ्हाणे मांडले. तेव्हा, १२०६ च्या सुमारास, फ्रान्सिस यांनी पैशाबरोबर अंगावरचे कपडेही उतरवून पित्याच्या स्वाधीन केले. बिशपांनी आपल्या झग्याने त्यांना झाकून घेतले. दुसऱ्याच्या पैशातून केलेला धर्म आपला नव्हे, हा धडा त्या दिवशी फ्रान्सिस यांना मिळाला असावा, असे आम्हांला वाटते. त्यानंतर चर्चच्या दुरुस्तीसाठी त्यांनी दगड मागून आणले आणि स्वतःच्या खांद्यावर वाहिले.

उपदेशापूर्वी आचरण

१२०८-०९ च्या सुमारास पोर्चियुंकुला येथील छोट्या चर्चमध्ये शुभवर्तमानाचा एक भाग त्यांच्या कानी पडला. प्रभू येशू शिष्यांना सोने, रुपे, झोळी किंवा जादा अंगरखा बरोबर न घेता पाठवितो, असा तो भाग. फ्रान्सिस यांनी तो ऐकला आणि तत्काळ पायांतील वहाणा, हातातील काठी आणि कमरेचा पट्टा टाकून दिला. त्यांच्या मागोमाग असिसीचे एक श्रीमंत गृहस्थ, बेर्नार्दो द क्विंताव्हाल्ले, आपली मालमत्ता गरिबांना वाटून त्यांना येऊन मिळाले. हळूहळू बारा जण झाले. पोप तिसरे इनोसंट यांनी त्यांच्या जीवनपद्धतीला तोंडी मान्यता दिली.

या बंधूंनी हाताने काम करावे, मजुरी म्हणून गरजेपुरते अन्नवस्त्र घ्यावे, नाण्याला मात्र स्पर्श करू नये, असा फ्रान्सिस यांचा नियम होता. रिवोतोर्तो येथील एका पडक्या गोठ्यात ते दाटीवाटीने राहत. एके दिवशी एका शेतकऱ्याने आपले गाढव त्या गोठ्यात आणले, तेव्हा भांडण न करता सर्वांनी ती जागा सोडली.

सृष्टीविषयीची त्यांची माया या जगण्यातूनच उमलली. लाकूड तोडणाऱ्या बंधूंना ते सांगत, की वृक्ष समूळ तोडू नका, त्याला पुन्हा पालवी फुटण्याची आशा राहू द्या. बागेची निगा राखणाऱ्या बंधूला त्यांची सूचना असे, की सगळी जमीन भाजीपाल्याखाली आणू नये, कडेचा भाग गवतासाठी आणि रानफुलांसाठी मोकळा सोडावा. रस्त्यावरचे किडे पायदळी चिरडू नयेत म्हणून ते उचलून बाजूला ठेवीत. हिवाळ्यात मधमाश्यांसाठी मध किंवा द्राक्षारस ठेवण्याची व्यवस्था करीत. नाताळच्या दिवशी पाखरांसाठी रस्त्यांवर धान्य टाकले जावे आणि बैल-गाढवांना जास्तीचा चारा मिळावा, यासाठी सम्राटाला विनंती करण्याचीही त्यांची इच्छा होती. ज्याला काही साठवायचेच नाही, तो झाडाकडे केवळ लाकूड म्हणून पाहत नाही. फ्रान्सिस यांच्या दारिद्र्याचा आणि सृष्टिप्रेमाचा संबंध आम्हांला येथे दिसतो.

कोल्ह्याच्या कातड्याची गोष्ट

तथापि, फ्रान्सिस यांनाही आपला आदर्श नेहमी तंतोतंत पाळता आला नाही. त्यांची प्रकृती नाजूक होती. थोमस द चेलानो यांनी त्यांच्या मृत्यूनंतर दोन-अडीच वर्षांत पहिले चरित्र आणि १२४६-४७ च्या सुमारास दुसरे चरित्र लिहिले. त्यांत या संदर्भातील काही प्रसंग आले आहेत.

एका कडाक्याच्या हिवाळ्यात, पोटाच्या विकाराने त्रस्त झालेल्या फ्रान्सिस यांच्या झग्याला आतून कोल्ह्याच्या कातड्याचा तुकडा शिवावा, अशी त्यांच्या सोबत्याने विनवणी केली. फ्रान्सिस यांनी अट घातली, की तेवढाच तुकडा बाहेरूनही शिवावा, म्हणजे आत ऊब आहे हे लोकांना कळेल. सोबत्याने परोपरीने समजावले, पण ते बधले नाहीत. अखेर आतून आणि बाहेरून, दोन्हीकडे कातडे लावण्यात आले. आणखी एकदा आजारपणात त्यांनी थोडे कोंबडीचे मांस खाल्ले. बरे वाटू लागताच त्यांनी एका बंधूला आपल्या गळ्यात दोरी बांधून असिसीच्या रस्त्यांतून फिरविण्यास सांगितले आणि ज्याला तुम्ही संयमी समजता त्याने तुमच्या नकळत मांस खाल्ले आहे, हे जाहीर करविले. नाताळपूर्व उपवासकाळात तेल सोसत नसल्यामुळे चरबीत शिजविलेले अन्न घेतले, तेव्हाही उपदेशाला जमलेल्या लोकांना त्यांनी ते प्रथम सांगितले आणि मग उपदेश केला.

या तिन्ही प्रसंगांत फ्रान्सिस यांनी सवलत नाकारली नाही. कातडे घेतले, मांस खाल्ले, चरबीही चालवून घेतली. त्यांनी फक्त लपवाछपवी नाकारली. आरंभीच्या प्रश्नाला त्यांनी दिलेले पहिले उत्तर आम्ही असे समजतो : उपदेशकाकडून परिपूर्णता मागता येणार नाही, परंतु प्रामाणिकपणा अवश्य मागता येईल. जो धनवंत पृथ्वीसाठी बोलतो, त्याने आपल्या विमानाचा आणि आपल्या घरांचा हिशेब स्वतःहून लोकांसमोर ठेवावा आणि तो हिशेब वर्षागणिक कमी करीत जावे. हे न करता तो केवळ इतरांना आवरण्यास सांगत असेल, तर त्याचे कातडे फक्त आतूनच शिवलेले आहे.

स्वतःला कठोर, इतरांना मृदू

आता प्रश्नाची दुसरी बाजू. फ्रान्सिस यांनी श्रीमंतांना काय सांगितले? पोप तिसरे होनोरियस यांनी २९ नोव्हेंबर १२२३ रोजी मान्य केलेल्या संघाच्या नियमावलीत त्यांनी बंधूंना स्पष्ट बजावले आहे, की मऊ आणि रंगीत वस्त्रे नेसणाऱ्या, चांगलेचुंगले खाणाऱ्या लोकांना पाहून त्यांचा तिरस्कार करू नये वा त्यांचा न्याय करू नये. प्रत्येकाने आपलाच न्याय करावा. रोममधील श्रीमंत विधवा जाकोमा देई सेत्तेसोली यांच्याशी त्यांचा अखेरपर्यंत स्नेह होता. ला व्हेर्ना हा डोंगर त्यांना १२१३ साली काउंट ओर्लांदो यांनी प्रार्थनेसाठी दिला. घरसंसार सांभाळून साधेपणाने जगू इच्छिणाऱ्यांसाठी त्यांच्या प्रेरणेने तपश्चर्येचा तिसरा संघ उभा राहिला. प्रत्येकाने भिक्षापात्र हाती घ्यावे, असा त्यांचा आग्रह नव्हता.

कठोरपणा त्यांनी राखून ठेवला तो स्वतःसाठी आणि आपल्या संघासाठी. १२२० साली बोलोन्या येथे बंधूंच्या नावाने घर झाल्याचे कळताच त्यांनी आजाऱ्यांसह सर्वांना बाहेर पडण्यास सांगितले. ते घर आपल्या स्वतःच्या मालकीचे आहे, असे कार्डिनल उगोलिनो यांनी जाहीर केल्यावरच बंधू परतले. पोर्चियुंकुला येथे असिसीच्या नगरवासीयांनी बांधलेल्या पक्क्या घराच्या छपरावर चढून ते कौले खाली फेकू लागले होते. घर नगराचे आहे असे कळल्यावरच ते थांबले. या कठोरपणाची झळ दुबळ्यांनाही लागली, हे नाकारता येत नाही. आपल्या देहाशी आपण फार निष्ठुर वागलो, हे फ्रान्सिस यांनीही अखेरीस मान्य केले होते.

म्हणून दुसरे उत्तर असे निघते, की दुसऱ्याच्या ढोंगाचा आधार घेऊन आपली जबाबदारी टाळता येत नाही. उपदेशक ढोंगी असला म्हणून तापलेली पृथ्वी थंड होत नाही आणि आटलेली विहीर भरत नाही. त्याने जगून दाखविले तर लोक त्याचे लवकर ऐकतात. त्याने दाखविले नाही तरी सत्य सत्यच राहते.

अखेरचे दिवस आणि नंतर

१२२५ साली, दृष्टी जवळजवळ गेलेली आणि देह व्याधींनी खंगलेला असताना, फ्रान्सिस यांनी सान दामियानो येथे सृष्टीचे स्तोत्र रचले. ज्या सूर्याचे तेज डोळ्यांना सोसवत नव्हते, त्याच सूर्यासाठी त्यांनी परमेश्वराची स्तुती केली. मृत्युसमयी त्यांनी स्वतःला उघड्या भूमीवर ठेवण्यास सांगितले. जो झगा त्यांना देण्यात आला, तोही त्यांनी उसना म्हणूनच स्वीकारला.

१६ जुलै १२२८ रोजी त्यांना संतपद देण्यात आले आणि लगेच दुसऱ्या दिवशी असिसीत त्यांच्या नावाच्या भव्य बॅसिलिकेची पायाभरणी झाली. कौले फेकणाऱ्या संताचे अवशेष आज त्या विशाल वास्तूखाली विसावले आहेत. दारिद्र्य किती कडक पाळावे, यावरून पुढे संघात शंभर वर्षांहून अधिक काळ वाद चालला. आदर्शाचा गौरव करणे सोपे आणि तो जगणे कठीण, याचा अनुभव त्यांच्या अनुयायांनाही आला.

आपल्या वसईचा या परंपरेशी थेट संबंध आहे. सोळाव्या शतकात फ्रान्सिस्कन बंधू वसईत आले. वसईचे सुपुत्र संत गोन्सालो गार्सिया हे व्यापारात यशस्वी झाले असतानाच तो सोडून मनिला येथे फ्रान्सिस्कन बंधू झाले आणि ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकी येथे हुतात्मा झाले. व्यापाऱ्याने सर्वस्व सोडण्याची ही कथा म्हणूनच आपल्याला परकी नाही. २०१३ साली पोपपदी निवडून आलेल्या कार्डिनल बेर्गोलिओ यांनी फ्रान्सिस हे नाव घेतले, पोपच्या राजवाड्याऐवजी सांता मार्ता या अतिथिगृहात राहणे पत्करले आणि २०१५ साली त्या स्तोत्रातील शब्दांचेच नाव देऊन ‘लाउदातो सी’ हे पत्र जगाला दिले. आधी निवास बदलला, मग पत्र आले, हा क्रम अर्थपूर्ण आहे.

जगातील धनवंतांच्या तुलनेत आपण लहान माणसे आहोत. तरीही विहिरी, वाड्या आणि झाडे यांविषयी आपण सभांतून बोलतो, मोर्चांत चालतो, आणि आपल्याच घरच्या लग्नात किती अन्न वाया गेले, किती प्लास्टिक जमा झाले, याचा हिशेब कोणी मागत नाही. संत फ्रान्सिस यांच्या सणाच्या आठवड्यात प्रत्येक कुटुंबाने एकत्र बसून तो हिशेब मांडावा, त्यातील एक खर्च किंवा एक सवय कमी करावी आणि वाचलेले पैसे धर्मग्रामातील एखाद्या गरजू घरी पोहोचवावेत, अशी आमची नम्र विनंती आहे. जे जमणार नाही ते जमत नाही, असे मुलांसमोर मोकळेपणाने सांगावे. पुढच्या वर्षी तो हिशेब पुन्हा काढावा.