डिझेल नावाचा माणूस

कॉन्व्हेंटमध्ये शिकल्यामुळे माझं मराठी जरा कच्चं आहे, तेव्हा चुकलंमाकलं सांभाळून घ्या. पण हा लेख मराठीतच द्यायचा होता, कारण ज्यांच्यामुळे तो सुचला त्या होस्टेलच्या जनरेटरवाल्या काकांनाही तो वाचता यावा.

पावसाळ्यात सबमिशनच्या आदल्या रात्री लाईट गेली. जनरेटर पाच मिनिटं चालला आणि गचके देत बंद पडला. मी मेकॅनिकलची, म्हणून सगळ्यांनी मला पुढे केलं. इंजिनातच बिघाड आहे असं मी ठोकून दिलं. काका काही बोलले नाहीत. त्यांनी टाकीच्या तळाचा कॉक उघडला, काचेची बाटली त्याच डिझेलने विसळली, पुन्हा भरली आणि टॉर्चसमोर धरली. वर धुरकट डिझेल, खाली दोन बोटं पाणी आणि मध्ये काळपट, बुळबुळीत थर! इंजिन बिचारं निर्दोष होतं.

सबमिशन मेणबत्तीवर पार पडलं. नंतर मात्र लायब्ररीत जाऊन या इंजिनाच्या बापाची माहिती काढली.

रुडॉल्फ डिझेलचा जन्म 18 मार्च 1858 रोजी पॅरिसमध्ये झाला. आईवडील मूळचे जर्मनीतल्या बव्हेरियाचे. 1870 साली फ्रान्स आणि प्रशियाचं युद्ध पेटलं आणि कुटुंबाला पॅरिस सोडून लंडनला जावं लागलं. तिथून बारा वर्षांच्या रुडॉल्फला ऑग्सबर्गला नातेवाईकांकडे शिकायला पाठवलं. म्हणजे आपल्यासारखाच घरापासून लांब! पुढे म्युनिकला तो कार्ल फॉन लिंडे यांचा विद्यार्थी झाला. टायफॉइडमुळे 1879 ची परीक्षा हुकली, पण पुढच्या वर्षी तो उत्तम मार्कांनी पास झाला.

वाफेच्या इंजिनात कोळशाची बहुतेक उष्णता वाया जाते, ही गोष्ट लिंडेंच्या लेक्चरपासून त्याच्या डोक्यात बसली होती. हवा इतकी दाबायची की ती प्रचंड तापेल, मग त्यात इंधन सोडलं की ठिणगीशिवाय पेटेल, ही त्याची आयडिया. 1893 मध्ये पेटंट मिळालं. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये पहिल्या चाचणीत दाब मोजणारा इंडिकेटर फुटला आणि तो थोडक्यात वाचला. 1894 मध्ये इंजिन स्वतःच्या ताकदीवर जेमतेम एक मिनिट चाललं. शेवटी फेब्रुवारी 1897 मध्ये प्रोफेसर श्रोटर यांनी इंजिनाची रीतसर टेस्ट घेतली. कार्यक्षमता भरली 26.2 टक्के! वाफेची इंजिनं खूप मागे राहिली.

मजा म्हणजे त्या टेस्टला इंधन होतं रॉकेल. 1900 च्या पॅरिस प्रदर्शनात तर असं एक इंजिन चक्क शेंगदाण्याच्या तेलावर चालवून दाखवलं. म्हणजे या इंजिनाला जातपात नाही, पण स्वच्छता मात्र लागते. इंजेक्टरची भोकं अतिशय बारीक असतात आणि पंपाला वंगण डिझेलचंच मिळतं. तिथे पाणी गेलं की गंज आणि झीज आलीच.

हे पाणी येतं कुठून? काकांनी समजावलं, टाकी अर्धी रिकामी असली की आतली दमट हवा रात्री गार होते आणि पत्र्यावर थेंब जमतात. पाणी जड, म्हणून तळाशी बसतं. त्या पाण्यात जंतू आणि बुरशी वाढतात, डिझेलवरच जगतात आणि त्यांचा चिखल फिल्टर बंद पाडतो. आपल्या आय.एस. 1460 मानकाप्रमाणे एक किलो डिझेलमध्ये फक्त 200 मिलिग्रॅम पाणी चालतं. म्हणून डिपस्टिकला पाणी दाखवणारी पेस्ट लावून बघायचं, पाणी असेल तिथे रंग बदलतो. हायड्रोमीटरने घनता घ्यायची, ती 15 अंश तापमानाला बदलून चलनावरच्या आकड्याशी ताडायची, फरक घनमीटरला 3 किलोपेक्षा जास्त नको. आणि सँपल वरून, मधून, तळातून असं तिन्हीकडून घ्यायचं. नुसतं वरचं बघून टाकी चांगली म्हणायची नाही.

आता उरलेली गोष्ट. डिझेल श्रीमंत झाला, म्युनिकमध्ये मोठा बंगला बांधला. पण सुरुवातीची विकलेली इंजिनं बंद पडत होती, गिऱ्हाइकं तक्रारी करत होती, तब्येत ढासळली होती आणि गुंतवणुकीत पैसा बुडत होता. बाहेर कोणाला पत्ता नव्हता. 29 सप्टेंबर 1913 च्या रात्री तो अँटवर्पहून इंग्लंडला बोटीने निघाला. जेवून केबिनकडे गेला, सकाळी केबिन रिकामी होती. काही दिवसांनी समुद्रात मृतदेह सापडला, त्यावरच्या वस्तू मुलाने ओळखल्या. अपघात, आत्महत्या की आणखी काही, हे आजही ठरलेलं नाही. घर कर्जात बुडालं होतं हे मात्र नंतर सगळ्यांना कळलं.

हे वाचून मी बराच वेळ तशीच बसले. कारण मागच्या सेमच्या दोन केटी मी घरी सांगितल्या नव्हत्या. फोनवर रोज सगळं छान चाललंय म्हणत होते. त्या संध्याकाळी बाबांना फोन करून सगळं सांगितलं. ते थोडा वेळ गप्प राहिले, मग विचारलं, जेवलीस का?

मित्रमैत्रिणींनो, काका आता दर शनिवारी टाकीचं तळातलं सँपल घेतात आणि मी बाटली धरायला जाते. तुमच्याही तळाशी काही साचलं असेल, तर कोणाला तरी दाखवा. बंद पडायची वाट बघू नका.